ग्रंथखरेदीचे नियम : एक परीक्षण

मासिकांतून पुस्तकांचीं परीक्षणें येतात, नाटकांचीं येतात, कधीं कधीं परीक्षणांचींहि परीक्षणें येतात. परंतु ज्या नियमांच्या आधारें हीं पुस्तकें सार्वजनिक ग्रंथालयाच्या कपाटांत जाऊन बसतात, किंवा बसत नाहींत, त्या नियमांकडे वाङ्मयाचा टीकाकार ढुंकूनहि पाहत नाहीं. तें काम हिशेबतपासनिसाचें, अशी आपली समजूत आहे. आम्हीहि पुष्कळ वर्षें त्याच समजुतींत होतों. एका तालुक्याच्या गांवच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर तीन वर्षें काढल्यानंतर मात्र आमचें मत पालटलें. मराठी पुस्तकाचा पहिला टीकाकार मासिकांत लिहिणारा नसतो. दरपत्रकांच्या तक्त्यांतील ‘शेंकडा कमिशन’ हा रकानाच तो टीकाकार होय. त्याचा अभिप्राय एका आंकड्याचा असतो आणि त्यावर अपील चालत नाहीं. म्हणून या रकान्याचें, आणि तो ज्या व्यवस्थेंतून उत्पन्न झाला तिचें, परीक्षण या पानांत करणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

आमच्याकडील मूळ ग्रंथ म्हणजे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आणि त्याखालीं १९७० सालीं झालेले अनुदानाचे नियम. मद्रासनें १९४८ सालीं, डॉ. रंगनाथन् यांच्या प्रेरणेनें, ग्रंथालयासाठीं कर बसवून सरकारी ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. महाराष्ट्रानें दुसरी वाट धरली. येथें सरकारला सुचण्याच्या कितीतरी आधीं लोकांनीं ग्रंथालयें काढलेलीं होतीं. नाशिकचें १८४० चें, पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ चें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, मुंबईचें १८९८ चें. वर्गणी, देणगी आणि कोणाच्या तरी ओसरीवरचें एक कपाट, एवढ्या भांडवलावर हीं चाललीं. कायद्यानें या संस्था मोडल्या नाहींत; कर न बसवितां त्यांना अनुदान दिलें आणि चालक लोकांतलेच ठेवले. ही दृष्टि आम्हांस आजहि उदार वाटते. समाजानें उभें केलेलें काम सरकारनें हातीं घ्यावें कीं त्याच्या पाठीशीं उभें राहावें, या प्रश्नाला दिलेलें तें एक चांगलें उत्तर आहे.

दोष दिसूं लागतो तो तपशिलांत. अनुदान ग्रंथालयाच्या वर्गावर अवलंबून. वर्ग अ, ब, क, ड असे. आणि वर्ग ठरावयाचा तो ग्रंथांची संख्या, वृत्तपत्रें व नियतकालिकें, सभासद, कामाचे तास यांवरून. मोजतां येईल तेंच मोजावें, हें कारभाराच्या दृष्टीनें समजण्यासारखें आहे. परंतु ग्रंथांची संख्या हें माप हातीं आलें कीं माणसाचें मन कसें चालतें तें पाहा. नऊशें पानांचा एक चरित्रग्रंथ घेतला तर नोंदवहींत एक क्रमांक वाढतो. त्याच पैशांत अठ्ठेचाळीस पानांचीं पंधरा पुस्तकें घेतलीं तर पंधरा क्रमांक वाढतात. नियमानें कोणालाहि वाईट पुस्तक घ्यावयास सांगितलेलें नाहीं. त्यानें फक्त जाड पुस्तक महाग करून ठेवलें आहे. आमच्या ग्रंथालयांत शब्दकोशाचा एक खंड गहाळ होता. तो आणावा असें सलग दोन बैठकींत ठरलें आणि दोन्ही वेळां त्याच्या किंमतींत ‘पाककृति व आरोग्य’ या सदरांतील एक आख्खा गठ्ठा आला. ठराव रद्द कोणी केला नाहीं. गठ्ठ्याच्या मागें तो आपोआप झांकला गेला.

येथें एका दुसऱ्या कागदाची आठवण होते, आणि ती आदरानें होते. केंद्र सरकारच्या अर्थखात्यानें १९८४ सालीं आपल्या कचेऱ्यांसाठीं एक परिपत्रक काढलें. ग्रंथालयाच्या पुस्तकांची गोष्ट इतर सामानसुमानाहून निराळी आहे, असें त्यांत प्रथम मान्य केलें. आणि पुढें, पुस्तकें नांवाजलेल्या विक्रेत्यांकडून चालू व्यापारी अटींवर घ्यावींत, त्यासाठीं निविदा मागविण्याचें कारण नाहीं, असें सांगितलें. वाचकांस दिलेल्या दर हजार पुस्तकांमागें कांहीं थोडीं हरवणारच, हेंहि अर्थखात्यानें ओळखलें. २०१७ च्या वित्तीय नियमांत हा आंकडा हजारीं पांच असा आहे. अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर तेवढें नुकसान वाजवी समजावें. मात्र हजार रुपयांवरच्या आणि दुर्मिळ पुस्तकाची चौकशी झालीच पाहिजे. हिशेबी माणसाच्या लेखणींतून इतकें समजूतदार वाक्य क्वचितच उतरतें. पुस्तक वापरावयाचें म्हणजे तें झिजणार, फाटणार, एखादें परत येणार नाहीं. जें कधींच हरवत नाहीं तें बहुधा कधीं कोणी नेलेलेंच नसतें. हे नियम केंद्राच्या खात्यांसाठीं आहेत. अनुदानित संस्थांना ते बांधलेले नाहींत. परंतु ज्यांना तीन दरपत्रकें मागवून सर्वांत ‘स्वस्त’ तें पत्करल्याशिवाय रात्रीं झोंप येत नाहीं, अशा आमच्या मंडळांतील सद्‌गृहस्थांनीं तो कागद एकदां अवश्य वाचावा.

दरपत्रकांचा अनुभव सांगतों. एका वर्षीं खरेदीची रक्कम आमच्या हातीं पडली तेव्हां मार्चचा तिसरा आठवडा लागला होता. महिनाअखेर बिलें जमा झालीं पाहिजेत. वाचकांच्या मागणीची वही कपाटांत होती. तींत वर्षभरांत साठ-सत्तर नांवें लिहिलीं गेलीं होतीं, त्यांतील पुष्कळशीं शाळेच्या मुलींच्या हस्ताक्षरांत. ती वही काढून यादी करावयाची, यादी विक्रेत्यांकडे पाठवावयाची, कोणतें पुस्तक मिळतें आणि कोणतें नाहीं याचा जबाब यावयाचा, याला आठ दिवस पुरत नाहींत. म्हणून यादीशिवायच दर मागविले. चार पाकिटें आलीं. पहिल्यानें शेंकडा दहा लिहिले होते, दुसऱ्यानें पंधरा, तिसऱ्यानें पंचवीस, आणि चौथ्यानें चाळीस. अध्यक्षांचा चेहरा उजळला. आम्हीं विचारलें, “कशावर चाळीस?” ते म्हणाले, “अहो, पुस्तकांवर!” या उत्तरानें सभा संपली.

आतां हा प्रश्न बाळबोध दिसतो, पण त्यांतच सर्व मर्म आहे. खुर्ची घ्यावयाची तर तिची किंमत विक्रेता सांगतो, आणि दोघांच्या चढाओढींत ती खरोखरच उतरते. पुस्तकाची किंमत प्रकाशकानें आधींच छापलेली असते. विक्रेत्याला प्रकाशकाकडून जो वर्तावळा मिळतो, त्यांतून भाडें, गड्याचा पगार, वाहतूक आणि उधारीचें व्याज काढल्यावर जें उरतें त्यांतलाच कांहीं भाग तो गिऱ्हाइकाला सोडूं शकतो. चांगल्या प्रकाशकाच्या नव्या पुस्तकावर चाळीस टक्के सोडणें त्याला परवडत नाहीं, हें अंकगणित आहे. मग चाळीस टक्के येतात कोठून? एक तर प्रकाशकाच्या कोठारांत पडून राहिलेल्या मालांतून. दुसरें, केवळ अशाच खरेदीसाठीं छापलेल्या पुस्तकांतून. त्यांवर साडेतीनशें रुपये छापावयाचे आणि दोनशें दहाला द्यावयाचें, मात्र तें शंभरालाहि कोणी आपल्या खिशांतून घेणार नाहीं. आणि तिसरें, बिलांत एक व पेटींत दुसरें, अशा युक्तींतून.

आमच्या वांट्याला तिन्ही आलीं. पेट्या उघडल्या तेव्हां ग्रंथपालबाई एकेक पुस्तक हातांत घेऊन बिलाशीं ताडून पाहत होत्या. एका प्रवासवर्णनाच्या सहा प्रती. एका अभिजात कादंबरीची अशी आवृत्ति, कीं तीवर संपादकाचें नांव नाहीं, मूळ प्रकाशनाचें साल नाहीं, आणि मधलीं दोन प्रकरणें नाहींत. बिलांत बांधीव प्रत, पेटींत कागदी बांधणीची. मुलांसाठीं म्हणून आलेल्या थोर पुरुषांच्या चरित्रमालेंत सर्व थोर पुरुषांचें बालपण अक्षरशः एकच. नांवें तेवढीं बदललेलीं. विक्रेत्याच्या माणसाला बाईंनीं ती कादंबरी दाखविली तेव्हां तो अगदीं अदबीनें म्हणाला, “बाई, आपण वाचून पाहिलीत? आजवर कोणी पाहिलें नव्हतें.” त्याच्या बोलण्यांत आम्हांस उद्धटपणा वाटला नाहीं. त्याला खरेंच नवल वाटलें होतें.

वाङ्मयाच्या इतिहासांत खरेदीदाराच्या अटींनीं लेखनाचें रूप कसें बदलतें याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं इंग्रजी कादंबऱ्या पुष्कळ वाचल्या आहेत त्यांना तें रुचेल. गेल्याच्या मागच्या शतकांत इंग्लंडांत नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघे आणि तिची किंमत दीड गिनी असे. एवढे पैसे घालून ती विकत घेणारा घरगुती वाचक जवळजवळ नव्हताच. ती घेत असे चार्ल्स एडवर्ड म्यूडी याचें वर्गणीचें वाचनालय. वर्षाची एक गिनी भरली कीं एका वेळीं एक खंड घरीं नेतां येई. तीन खंड म्हणजे एका कादंबरीवर तीन घरें एकाच वेळीं वाचीत आहेत. म्यूडी भरपूर प्रती घेई आणि छापील किंमतीच्या निम्म्याच्या आसपास देई. दीड गिनी ही किंमत त्या सवलतीसाठींच उंच धरलेली होती. लेखकांस तीन खंड भरावे लागत. मग उपकथानकें, लांबलेले संवाद, तिसऱ्या खंडांत अवचित सांपडणारें मृत्युपत्र. शिवाय कुटुंबांत मोठ्यानें वाचतां न येणारें पुस्तक म्यूडी घेत नसे, आणि त्यानें न घेतलेलें पुस्तक बुडालेंच. जॉर्ज मूर या कादंबरीकारानें १८८५ सालीं त्याविरुद्ध एक तिखट पुस्तिका लिहिली. पण तीन खंडांची कादंबरी अखेर मेली ती टीकेनें नव्हे. १८९४ सालीं म्यूडी आणि स्मिथ या दोन वाचनालयांनीं खंडामागें चार शिलिंगांहून अधिक देणार नाहीं असें प्रकाशकांस कळविलें, आणि तीन-चार वर्षांत तो सर्व प्रकार नाहींसा झाला. पाऊणशें वर्षांची वाङ्मयीन रूढी एका खरेदीपत्रानें मोडली! आमच्याकडील अठ्ठेचाळीस पानी ‘चरित्रांचा’ अभ्यास जो कोणी पुढें करील, त्यानें शैलीच्या आधीं अनुदानाच्या तक्त्यांकडे पाहावें.

त्याच देशांत याच्या उलट प्रयोगहि झाला. १९०० सालापासून तेथें प्रकाशक व विक्रेते यांच्यामध्यें करार होता, कीं छापील किंमतीहून कमी किंमतीला पुस्तक विकावयाचें नाहीं. १९२९ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांना शेंकडा दहा सूट देण्याचें ठरलें. सर्वांना दहाच, तेव्हां विक्रेत्यांना चढाओढ करावयाची ती सेवेंत. यादी लवकर कोण पुरवितो, न मिळणारें पुस्तक कोण शोधून काढतो, खुणा व चिठ्ठ्या चिकटवून कपाटांत ठेवण्याजोगी प्रत कोण देतो. हा करार १९९५ सालीं कोसळला आणि १९९७ सालीं न्यायासनानें तो लोकहिताच्या विरुद्ध ठरविला. ग्राहकाच्या दृष्टीनें त्या निकालांत तथ्य आहे, आणि स्थिर किंमतीचें तत्त्व जसेंच्या तसें येथें आणावें असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हांस एवढेंच दिसतें, कीं जेथें सूट ठरलेली होती तेथें ग्रंथपालाला निवडीसाठीं डोकें मोकळें राहिलें.

आतां दुसरी बाजू. आमचे एक मित्र निवृत्त लेखापाल आहेत. त्यांना हा लेख आम्हीं आधीं वाचून दाखविला. ते म्हणाले, “तुम्ही नियम सैल करा म्हणतां, पण नियम आले कशामुळें? ग्रंथालयाच्या पाटीखालीं बंद खोली, नोंदवहींत हजारों पुस्तकें आणि खोलींत उंदीर, हें तुम्ही पाहिलें नाहीं काय?” पाहिलें आहे. मे २०१२ मध्यें महसूल खात्याकडून राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नव्या ग्रंथालयांची मान्यता व वर्गबढती कित्येक वर्षें थांबली; तिला कारणें होतीं. अध्यक्षांच्या मेव्हण्याचें दुकान हीहि कांहीं आम्हीं रचलेली कल्पित कथा नव्हे. निविदा नको म्हणणाऱ्यानें मेव्हण्याचें काय करावयाचें तें सांगितलें पाहिजे. लेखापालांचा हा आक्षेप आम्हांस अगदीं रास्त वाटतो, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर पहिल्या वाचनानंतर आम्हीं लेखाचा अर्धा भाग फाडून टाकला.

परंतु विचार केल्यावर असें दिसून आलें, कीं मेव्हण्याला निविदेनें आळा बसत नाहीं. तो चार पाकिटें स्वतःच आणून देतो. त्याला आळा बसतो तो दोन साध्या गोष्टींनीं. पहिली, यादी खरेदीच्या आधीं केलेली, वाचकांच्या वहीवरून केलेली, आणि सूचनाफलकावर लावलेली असावी. अमुक लेखकाचें अमुक पुस्तक, अमुक प्रकाशकाची अमुक आवृत्ति, असें लिहिलें कीं चाळीस टक्केवाला आपोआप मागें सरतो, कारण तें त्याच्याजवळ नसतें. सरकारमान्य ग्रंथांची यादी आहे, कलकत्त्याच्या राजा राममोहन राय प्रतिष्ठानाकडून १९७२ पासून मिळणारें ग्रंथांचें साहाय्य आहे. त्यांचा उपयोग आहेच. पण तीं निवड करणारीं दूर बसलेलीं असतात, आणि आमच्या गांवच्या मुलीला नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचें कोणतें पुस्तक हवें आहे हें त्यांना कळण्याचा मार्ग नाहीं. केरळांत जिल्हा ग्रंथालय परिषदा पुस्तकमेळे भरवितात आणि खेड्यांतील वाचनालयांचे चालक तेथें येऊन, पुस्तक हातांत घेऊन, चाळून निवडतात. आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव होतात, दिंडी निघते, भाषणें होतात. तेथील मांडवांतच वर्षाची खरेदी करण्याची मुभा आणि रक्कम वेळेवर हातांत, एवढें झालें तर भाषणें थोडीं कमी झालीं तरी चालतील.

दुसरी गोष्ट कराराची. आम्हीं चौकशी केली तेव्हां आमच्या ग्रंथालयाचा विक्रेत्याशीं करार म्हणजे एक ओळ होती : ‘पुस्तकें त्वरित पुरवावीं.’ त्वरित तीं आलीं होतीं, यांत शंका नाहीं! आवृत्ति कोणती, बांधणी कोणती, मागितलेलें नसेल तर त्याऐवजीं दुसरें चालेल काय, फाटकी प्रत बदलून देण्याचा खर्च कोणाचा, पैसे केव्हां द्यावयाचे, यांविषयीं चकार शब्द नव्हता. ज्यानें कांहीं कबूलच केलें नाहीं त्यानें काय मोडलें म्हणून आपण त्याच्यावर रागवावयाचें? आणि पैसे आगाऊ देण्याची खोड तर मोठमोठ्यांना भोंवली आहे. नेदरलंड्समधील स्वेट्स ही १९०१ पासूनची नियतकालिकें पुरविणारी पेढी सप्टेंबर २०१४ मध्यें दिवाळखोरींत गेली, तेव्हां वर्गण्या आधीं भरून बसलेलीं जगभरचीं ग्रंथालयें हात चोळीत राहिलीं. दंड असावा तो अर्थवाही असावा, हेंहि खरें. १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक प्रकाशकानें नव्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य नेमलेल्या ग्रंथालयांस धाडावयाची आहे. न धाडल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. पन्नास रुपयांत आज तें पार्सल तरी जातें कीं नाहीं कोण जाणे.

हें सर्व आम्ही एवढ्या तपशिलानें लिहितों त्याचें कारण आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ति हजार-अकराशें प्रतींची, हा अनेक पिढ्यांचा रिवाज. अलीकडे तीहि उतरून पांचशें-तीनशेंवर आल्याचें प्रकाशक सांगतात. आणि अनुदानित ग्रंथालयें या राज्यांत अकरा-बारा हजार आहेत. दहा ग्रंथालयांपैकीं एकानें जरी एखादें चांगलें पुस्तक घेतलें तरी त्याची आवृत्ति वर्षांत संपावी. तसें होत नाहीं. पैसे खर्च होत नाहींत असें नव्हे. २०२२ सालीं अनुदानांत साठ टक्के वाढ झाली. तेव्हां तो पैसा जातो तो कोठल्या तरी दुसऱ्या पुस्तकांकडे, आणि ज्या लेखकानें चार वर्षें खपून एखादा प्रादेशिक इतिहास लिहिला तो आपल्या प्रती स्नेह्यांना वांटीत बसतो. मराठी वाचक उरला नाहीं, अशी हाकाटी आम्ही साहित्यसंमेलनांतून दर वर्षीं ऐकतों. आमच्या मागणीच्या वहींतील साठ-सत्तर नांवें त्या वक्त्यांना दाखवावींत असें फार मनांत येतें.

यंदा ती वही आम्हीं दिवाळींतच काढली. बाईंनीं यादी केली, ती फळ्यावर लागली, आणि करारपत्रांत सहा कलमें आलीं. पैसे पडताळणीनंतर, हें त्यांतलें शेवटचें. दरपत्रकें तीन आलीं : दहा, बारा आणि पंधरा. अध्यक्ष जरा हिरमुसले. चाळीस टक्केवाल्यांनीं यादी परत धाडली आणि तिच्यावर पेन्सिलीनें लिहिलें कीं असल्या फुटकळ मागणीचा माल आम्ही ठेवीत नाहीं. शब्दकोशाचा तो खंड पंधरावाल्याकडून आला. आंतील दोन फर्मे उलटे शिवलेले निघाले, म्हणून बाईंनीं तो कलम चौथें दाखवून परत पाठविला आहे. बदली प्रत अद्याप यावयाची आहे.